पालख्या दोन का झाल्या

वाटेनं चालताना नवी पोरं हमखास इचारतात, ज्ञानोबा-तुकाराम एका दमात म्हणतो, मग पालख्या दोन कशा? त्यावर कुणीतरी सांगतं, आळंदीकर आणि देहूकर भांडले. मी हे लहानपणापासून ऐकतोय. भांडण झालं हे खरं. पण भांडणारी गावं नव्हती, एक घराणं होतं.

तुकोबाराय १६५० साली वैकुंठाला गेले. धाकटे चिरंजीव नारायणबाबा त्यानंतर जन्मले. १६८५ साली त्यांनी देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवल्या, आळंदीला येऊन माउलींच्या पादुका शेजारी घेतल्या आणि पंढरीची वाट धरली. पालखी एकच, संत दोन. असं जवळजवळ दीडशे वर्षं चाललं.

मग देहूच्या वंशजांत वाद पेटला. पालखीचा मान कुणाचा, हक्क कुणाचा. मानापानाला संताचं घर तरी कसं सुटेल? भावकी ती भावकीच. आपल्याकडं बांधावरनं होतं, तिथं पालखीवरनं झालं.

आता हैबतबाबा. त्यांनी रागानं पादुका वेगळ्या केल्या, असं काहीजण रंगवून सांगतात. मला ते पटत नाही. बाबा देहूच्या भावकीतले नव्हतेच. ते सातारकडच्या आरफळचे, शिंद्यांच्या चाकरीतले सरदार. त्यांना कसला वाटा मिळायचा होता? घरच्या वादात वारी अडायला नको, म्हणून १८३२ च्या सुमारास त्यांनी माउलींची पालखी वेगळी काढली. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू दिले. वासकर, शेडगे यांनी दिंड्यांची शिस्त बसवली.

सातपुड्यात भिल्लांनी बाबांना धरलं, हरिपाठ म्हणता म्हणता ते सुटले, ही कथा मी कीर्तनात गोडीनं सांगतो. पण ती कथा म्हणून. शितोळ्यांचा घोडा मात्र आजही चालतो, तो डोळ्यांनी बघावा. आळंदीच्या महाद्वारातली हैबतबाबांची पायरीही तशीच. तिच्यावर डोकं टेकल्याशिवाय आपण आत जात नाही.

दोन गावांचं वैर असतं तर एक पालखी सप्तमीला देहूतनं, दुसरी अष्टमीला आळंदीतनं निघून दोन्ही पुण्यात एकाच वेळी मुक्कामाला राहिल्या असत्या का? पुढं वाटा फुटतात. माउली सासवड, जेजुरी, फलटणकडनं, तुकोबा यवत, बारामती, इंदापूरकडनं. आणि पंढरीच्या अलीकडं वाखरीला दोन्ही परत एका जागी येतात.