‘डायनो’ आणि भैरव

मुलांच्या पुस्तकात ‘डायनोसॉर’ आला की आपण चित्र दाखवून मोकळ्या होतो. शब्दाचा अर्थ कोण विचारतंय? पण धार-देवासकडच्या आपल्या बायकांनी तो जरूर विचारावा. याच धारानगरीत विक्रम संवत 1029 मध्ये, म्हणजे इ.स. 972-73 च्या सुमारास, कवी धनपालाने ‘पाइयलच्छी नाममाला’ हा प्राकृत शब्दकोश रचला, तो आपल्या धाकट्या बहिणीसाठी, सुंदरीसाठी. शब्दांचे अर्थ समजून घेणे ही इथल्या लेकीबाळींची हजार वर्षांची मिरास आहे.

तर ‘डायनोसॉर’ हे नाव 1842 मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड ओवेन यांनी दिले. ग्रीक भाषेत ‘डेइनोस’ म्हणजे भयंकर आणि ‘सौरोस’ म्हणजे सरडा. पण डेइनोसमध्ये नुसती भीती नाही, थोरपणाचा धाकही आहे. बोलण्यात तरबेज माणसालाही ग्रीक लोक हाच शब्द लावत. आपणही म्हणतोच ना, “भयंकर हुशार आहे हो पोरगी!” अगदी तसेच. मात्र ‘डायनोफ्लॅजेलेट’ या सूक्ष्मजीवांच्या नावातला डायनो निराळा. तो गरगर फिरण्याच्या अर्थाच्या ‘दिनोस’वरून आला. वरून दोघे सारखे दिसतात, पण कूळ वेगळे.

आता धार जिल्ह्यातल्या बाग-कुक्षीच्या बाजूला चला. नर्मदेच्या या खोऱ्यात संशोधकांना डायनोसॉरची 92 घरटी आणि 256 अंडी दगड होऊन पडलेली सापडली. 2023 च्या जानेवारीत ते संशोधन प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी डिसेंबरात बातमी आली, की पाडल्या गावचे लोक शेतात मिळालेले गोल दगड ‘काकड भैरव’ म्हणून पुजत होते, आणि तज्ज्ञांनी ती डायनोसॉरची अंडी असल्याचे सांगितले. काकड म्हणजे शेतशिवार. शिवार आणि गुरेढोरे राखणारा तो काकड भैरव.

बातमी वाचून पुष्कळ जण हसले. मला हसू आले नाही. भैरव या शब्दाचा अर्थ काय? भयंकर! ग्रीक न शिकलेल्या शेतकऱ्याने त्या दगडाला दिलेले नाव ओवेनसाहेबांच्या नावाशी अर्थाने जुळले. योगायोगच, पण केवढा! आणि शेतकऱ्याचा भयंकर हा राखणदार आहे. आपल्या नाकोडा तीर्थावरचे भैरवजीही राखणदारच. देवासच्या टेकडीवरची चामुंडा उग्र खरी, पण तिला हाक मारताना आपण ‘माता’च म्हणतो.

आणखी एक गंमत सांगते. ही अंडी टायटॅनोसॉर जातीची, आणि हे अगडबंब प्राणी निव्वळ शाकाहारी! नावात भयंकर, खाण्यात झाडपाला.

म्हणून मुलांना तो दगड पूजेचा की अभ्यासाचा, असे भांडण लावून देऊ नका. पूजेतला दगड कोणी सहसा फोडत नाही, आणि अभ्यासाने त्याचे वय कळते. पोरांना दोन्ही नावे सांगा, अर्थासकट.