संख्या वाढली, पण सहकार वाढला का?

१/ शेती-सहकाराचे यश आपण बहुधा संस्थांच्या आणि सभासदांच्या संख्येवर मोजतो. महाराष्ट्राचा इतिहास पाहता हे माप फसवे ठरते. हा धागा त्याविषयी.

२/ १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. पुढे १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. स्वस्त कर्ज मिळाले की सावकारी पाश सुटेल, ही त्यामागची आशा होती.

३/ संस्था गावोगाव निघाल्या. तरीही १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जउभारणीतील सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला. जवळजवळ अर्ध्या शतकाची ही मिळकत!

४/ असे का व्हावे? एका गावापुरती संस्था, तुटपुंजे भांडवल. आणि कर्ज संस्थेचे असले तरी माल व्यापारी-सावकाराच्याच हाती. पीक बुडाले की वसुलीही बुडे.

५/ त्याच सुमारास प्रवरा खोऱ्यात निराळी वाट निघाली. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५०-५१ मध्ये पहिला गाळप हंगाम पार पडला.

६/ हे जमले, यात उसाच्या स्वभावाचाही हात आहे. तोडलेला ऊस साठवता येत नाही. उशीर झाला की उतारा घटतो. म्हणून तो जवळच्या कारखान्यातच जातो आणि सोसायटीचे कर्ज ऊसबिलातून परस्पर वळते होते. कर्ज, प्रक्रिया व वसुली एका साखळीत आली. शासनाचे भागभांडवल आणि परवाना धोरण यांचेही बळ मिळाले.

७/ याच रचनेला मर्यादाही होत्या. कारखाना ही राजकीय सत्तेची पायरी बनला. १९९८ मध्ये साखर उद्योग परवानामुक्त झाला, खासगी स्पर्धा वाढली आणि अनेक सहकारी कारखाने कर्जबाजारी होऊन विकले गेले.

८/ आणि सभासद कोण? ज्याच्या शेतात पाणी आणि ऊस, तो. बीडकडून येणारा तोडणी कामगार मुकादमाची उचल घेऊन फडात उतरतो. ती फिटेपर्यंत तो बांधलेला. गाळपाच्या आकड्यांत त्याचे श्रम असतात, सभासदांच्या यादीत त्याचे नाव नसते.

९/ सुप्यातला रोष कर्जाने बांधले जाण्याविरुद्ध होता. म्हणून सहकाराचा हिशेब मांडताना किती टन गाळप झाले यासोबत किती माणसे ऋणमुक्त झाली, हेही विचारावे लागेल.