चवदार तळ्याचा दावा आणि ‘संदर्भ हवा’

मराठी विकिपीडियावर महाडच्या सत्याग्रहाविषयी लिहायला आम्ही काही नवशिके संपादक एकत्र बसलो, तेव्हा पहिला वाद माहितीवरून झालाच नाही. तो झाला विशेषणांवरून. ‘महामानव’, ‘विश्वरत्न’ लिहायचं की नुसतं ‘आंबेडकर’? नुसतं आडनाव लिहायला हात धजावत नाही, असं काहींचं म्हणणं. भावना खरी आहे. पण ज्ञानकोशाचा दंडक असा की प्रत्येक विधान कुठे छापलंय ते दाखवा, नाहीतर त्यापुढे ‘संदर्भ हवा’ असा शिक्का बसतो. हा दंडक आपल्या चळवळीला मारक आहे असं अनेक कार्यकर्त्यांना वाटतं. आमचं मत नेमकं उलटं आहे, आणि त्याचा पुरावा खुद्द महाडच्या इतिहासात आहे.

२० मार्च १९२७ ही तारीख आपल्याला तोंडपाठ आहे. तिच्या अलीकडचं-पलीकडचं मात्र भाषणांतून गळून जातं. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्येच मंजूर केला होता. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे बाबासाहेब ओंजळ भरायला गेले ते कागदावर मिळालेला हक्क बजावायला. त्यानंतर परतणाऱ्या आपल्या माणसांवर हल्ले झाले. एकशे आठ घागरींत शेण, गोमूत्र, दूध, दही घेऊन तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली, तेव्हा सनातनी मंडळी कोर्टात गेली. तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव ही पूर्वापार वहिवाट आहे, असा त्यांचा दावा. कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला आणि लढाई कागदपत्रांच्या मैदानात नेली. पुढची दहा वर्षं ती चालली. महाडच्या कोर्टाचा निकाल १९३१ मध्ये, अपिलाचा १९३३ मध्ये, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा. तिन्ही ठिकाणी सनातनी हरले. कारण काय? ‘पूर्वापार’ म्हणणाऱ्यांना ते पूर्वापार असल्याचं शाबीत करता आलं नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर न्यायमूर्तींनी त्यांच्या रूढीपुढे ‘संदर्भ हवा’ लिहिलं, आणि संदर्भ काही मिळाला नाही!

मग आपण संदर्भाला का घाबरायचं? खरी अडचण वेगळीच आहे. छापलेलं तेवढंच ग्राह्य धरायचं, तर छापखाने कोणाच्या हातात होते हे विचारावं लागेल. १९२० मध्ये ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा त्याची पैसे देऊन दिलेली जाहिरातही ‘केसरी’ने छापली नव्हती. ज्यांची जाहिरातही छापली जात नाही, त्यांचा इतिहास कोण छापणार? आजी-आजोबांच्या तोंडी असलेलं महाड ज्ञानकोशाला चालत नाही. ते आधी नीट टिपून, पुस्तकात वा नियतकालिकात आणायला हवं. हे काम कोणी दुसरा करणार नाही.

असलेली साधनंसुद्धा आपण कुठे पुरती वापरतो? ‘बहिष्कृत भारत’चे अंक शासनाने पुनर्मुद्रित केले आहेत, खैरमोडे यांचं चरित्र आहे, आनंद तेलतुंबडे यांचा महाडवरचा ग्रंथ आहे. आम्ही ती वाटून घेतली आणि चर्चा पानावर भांडत भांडत पुढे सरकलो. मार्चच्या परिषदेला किती माणसं होती याचे आकडे पुस्तकागणिक वेगळे. मोठा आकडा घ्यावा असा मोह होतो, पण दोन्ही द्यायचे आणि कोणी दिले ते लिहायचं, असं ठरलं. ‘बहिष्कृत भारत’ हे बाबासाहेबांचंच पत्र, म्हणून त्यातलं विधान त्याच्या नावानिशी द्यायचं.

नावांवरून जास्त जुंपली. परिषदेसाठी राबलेले रा. बा. मोरे पुढे कम्युनिस्ट झाले, म्हणून आपल्याच लिखाणात त्यांचा उल्लेख उरकला जातो. डिसेंबरच्या परिषदेला जागा देणारे फत्तेखान तर पार विसरले गेले. मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते, हे लिहू नये असं आमच्यातल्या एकाचं ठाम मत होतं. आम्ही लिहायचं ठरवलं. बाबासाहेबांचा लढा जन्माशी नव्हता, व्यवस्थेशी होता, हे शंभर विशेषणांपेक्षा त्या एका नावाने कळतं. वाटलं तर कोणी ते उद्या खोडेल. पण विकिपीडियावर खोडलेलंही ‘इतिहास पहा’ या कळीखाली राहतं, कोणी आणि केव्हा खोडलं यासकट.

आता उरलाय तो १९३७ च्या निकालाचा भाग. निकालपत्र इंग्रजीत आहे आणि त्यातली कायद्याची भाषा आमच्यातल्या फार थोड्यांना झेपते. वकिली शिकणाऱ्या भीमसैनिकांनी इथे हात लावावा.