काशीगाव

काशीगाव : ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या पूर्व भागातले जुने गाव व आताची दाट नागरी वस्ती. शेजारच्या मीरागावासह हा परिसर काशिमिरा या जोडनावाने ओळखला जातो. पूर्वेस संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, उत्तरेस घोडबंदर व वसईची खाडी, दक्षिणेस दहिसरचा नाका, पश्चिमेस रेल्वेकडे उतरत गेलेला सखल, एके काळचा खाजणाचा भाग. मुंबई-अहमदाबाद महामार्ग व मीरा-भाईंदर रस्ता इथे मिळतात, आणि या तिठ्यामुळेच गावाचे महत्त्व आहे. पाच ग्रामपंचायती मिळून १९८५ मध्ये मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली व २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. शहराची लोकसंख्या २००१ मध्ये ५,२०,३८८ होती, ती २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली. या वाढीत घरे भरपूर उभी राहिली, रोजगाराच्या जागा मात्र त्या मानाने फारच थोड्या. काशीगावची उरलेली व नव्याने मोकळी होणारी जमीन आधी रोजगाराला मिळावी, आणि ती डोंगर पोखरून किंवा खाडी बुजवून नव्हे तर आधीच बांधलेल्या पट्ट्यातून मिळावी, असे इथला भूगोल आणि इतिहास दोन्ही सांगतात.

हा सारा टापू मुळात बंदरांचा. घोडबंदरला पोर्तुगीज अमलात अरबी घोडे उतरत. १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर साष्टीसह हा मुलूख मराठ्यांकडे आला. भाईंदरला मीठ आणि पुढे रेती, उत्तनला मासळी, असा व्यवहार पाण्याच्या आधाराने चाले. जमिनीचा प्रश्नही पाण्यातूनच निघाला. १८७० साली ब्रिटिश सरकारने मीरा, भाईंदर व घोडबंदर इथल्या जमिनी रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या पट्ट्याने दिल्या. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध राखणे हे त्या व्यवहाराचे अंग होते. तो हक्क पुढे द इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीकडे आला. अशा इस्टेटींची जमीन महसुलातली सूट रद्द करणारा १९५१ चा साष्टी इस्टेट कायदा झाला तरी बांधकामाला कंपनीचे ना-हरकत पत्र लागते की नाही हा वाद शहराच्या मानगुटीवर राहिला. जमिनीची मालकी अशी गुंतलेली असली की बांधणारा सर्वांत लवकर पैसा सोडवणारा मार्ग धरतो, आणि तो मार्ग म्हणजे सदनिका विकून मोकळे होणे. कारखाना किंवा कार्यालय बांधून वर्षानुवर्षे भाडे घेण्यासाठी सातबारा आणि पट्टा निर्वेध लागतो. इथे घरेच का वाढली, याचे उत्तर मुंबईतल्या महागाईइतकेच या कागदपत्रांतही आहे.

तरीही काम करणारी जमीन इथे आहे. हाटकेश, पेणकरपाडा आणि महामार्गालगतच्या औद्योगिक वसाहतींत एकमजली-दुमजली गाळ्यांच्या रांगा आहेत. भाईंदरची स्टीलच्या भांड्यांची ख्याती अशाच गाळ्यांवर उभी राहिली : पुढे लोखंडी शटर, आत प्रेस, मागे बफिंगची फिरती चाके, वर माळ्यावर खोक्यांची चळत आणि दारात अर्धा रस्ता अडवून उभा टेम्पो. थोड्या जागेत बरीच माणसे कामाला लागतात. महामार्गाच्या कडेने हॉटेले, लॉज, वाहनांची दालने आणि मालिकांच्या चित्रीकरणाचे स्टुडिओ आले. मुंबईच्या जकात नाक्याबाहेर असण्याचा लाभ १ जुलै २०१७ ला जकात संपताच गेला. ऑक्टोबर २०२४ पासून हलक्या वाहनांना दहिसरचा टोलही माफ झाला. नाक्याच्या अलीकडे की पलीकडे, हा फरक पुसला गेल्याने गावाला आता दुसरे बळ शोधावे लागेल. ते मेट्रो ९ मध्ये आहे. दहिसर-काशीगाव या पहिल्या टप्प्यावर १४ मे २०२५ रोजी चाचणी झाली. मार्ग अंधेरीकडे जाणाऱ्या मेट्रो ७ ला जोडलेला आहे, आणि गायमुखकडून येणारी नियोजित मेट्रो १० शिवाजी चौकात मिळायची आहे. स्थानकाभोवती केवळ टॉवर उठले, तर सकाळी दक्षिणेकडे खच्चून भरलेल्या गाड्या उत्तरेकडे रिकाम्या परततील. काशीगावात कामाच्या जागा असतील तर त्याच रुळांचा उपयोग दुप्पट होईल.

यावर पहिला आक्षेप असा की लोकांना आधी छप्पर हवे. आक्षेप खरा आहे, म्हणून तो पाण्याच्या हिशेबाने तपासावा. राष्ट्रीय इमारत संहिता घरातल्या माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरते, कार्यालयात वा कारखान्यात काम करणाऱ्याला ४५. शहर स्टेम प्राधिकरणाच्या व एमआयडीसीच्या पाण्यावर जगत आले. सूर्या योजनेतून रोज २१८ दशलक्ष लिटर मंजूर आहेत, पण निवासी मजले याच गतीने चढत राहिले तर तेही पुरणार नाहीत. शिवाय डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली औद्योगिक भूखंडावर अटींसह निवासी बांधकामाला वाट देते. गाळ्यांची वसाहत पाडून टॉवर उभारणे त्यामुळे सोपे झाले. पुनर्विकासाला विरोध करण्याचे कारण नाही. मात्र जितकी कामाची जागा पाडली तितकी तरी नव्या इमारतीत, गाळेधारकाला परवडेल अशा भाड्याने परत मिळावी, ही अट स्थानकाच्या आसपास घालणे रास्त आहे. वर घरे, खाली कार्यशाळा; आवाज आणि धूर करणारे बफिंग मात्र वेगळ्या इमारतीत.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्यांचा. जून २०२४ मध्ये केंद्राने ७६,२२० कोटींच्या वाढवण बंदराला मंजुरी दिली. ते याच महामार्गाला जोडले जाणार आहे. जेएनपीए बंदराचा माल घोडबंदर रस्त्याने गुजरातकडे आधीपासूनच जातो. मग दोन बंदरांच्या मधल्या या जागी गोदामे का नकोत? कारण गोदाम जमीन फार खाते आणि माणसे थोडी लावते. त्याच्या ट्रेलरना लागणारा रस्ता काशिमिरा नाक्यावर आजच अपुरा आहे. मालाची साठवण खाडीपलीकडे किंवा भिवंडीकडे व्हावी. कस्टमचे कागद, विमा, वाहतुकीचे नियोजन, यंत्रांची दुरुस्ती ही बंदराची बिनगोदामी कामे काशीगावला शोभतात, आणि मेट्रोने येणाऱ्या माणसांना ती पेलतात. वसई-भाईंदर रो-रो सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली, तीही माणसांची आणि वाहनांची ने-आण करण्यासाठीच.

तिसरा प्रश्न हद्दीचा. राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र डिसेंबर २०१६ मध्ये अधिसूचित झाले. कांदळवनांना उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने ५० मीटरच्या पट्ट्यासह संरक्षण आहे. या रेषांनी विकास अडतो अशी तक्रार होते. मुंबईत मिठी नदीकाठच्या दलदलीवर वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा नदीला पसरायला जागा उरली नव्हती, हे त्या तक्रारीचे उत्तर आहे. काशीगावात डोंगराचे पाणी महामार्गाखालच्या नाल्यांतून सखल भागाकडे उतरते. नाला अरुंद केला की नाक्यावर पाणी तुंबते. मेट्रोच्या कारशेडसाठी डोंगरीची झाडे तोडण्याला उत्तन-डोंगरीच्या रहिवाशांनी विरोध केला, त्यामागेही हीच चिंता होती. आणि जमिनीचा हिशेब माशाचा पाडा, मांडवी पाडा या आदिवासी वस्त्यांना वगळून करता येत नाही. जनतानगर व काशी चर्च परिसरातील चार हजारांहून अधिक कुटुंबांसाठी शहरी गरिबांच्या बीएसयूपी योजनेतून घरे ठरली होती. ते काम वर्षानुवर्षे रेंगाळले आणि कित्येक कुटुंबे संक्रमण शिबिरांत राहिली. १९९७ च्या विकास आराखड्यानंतरचा नवा प्रारूप आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यावसायिक भूखंडांचे आरक्षण अंतिम करताना या घरांची तारीखही त्याच वेळापत्रकात बांधली गेली पाहिजे, कारण स्थानकाभोवती जमिनीचा भाव चढला की सर्वांत आधी याच वस्त्यांवर हटवले जाण्याची पाळी येते.