नितळ पाण्यातील वैरी

पाणी नितळ दिसले म्हणजे ते निर्धोक असतेच असे नाही. १९५५ साली पुरानंतर यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगढ नाल्याचे सांडपाणी दिल्लीच्या वजिराबाद पंपिंग स्टेशनपर्यंत पोहोचले. क्लोरीनची मात्रा वाढविण्यात आली. विषमज्वर फैलावला नाही. परंतु डिसेंबरपासून सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. गर्भवती स्त्रिया अधिक दगावल्या. जंतू मेले, विषाणू मात्र तगले! त्या साथीतील जपून ठेवलेले रक्ताचे नमुने १९८० साली तपासले, तेव्हा हा विषाणू ‘हेपॅटायटिस ए’ नव्हे असे दिसून आले. आज त्यास ‘हेपॅटायटिस ई’ म्हणतात. बोध एवढाच, की केवळ औषधावर विसंबू नये. सांडपाणी पिण्याच्या पाण्यापासून दूर ठेवणे हाच पहिला उपाय होय. आपल्या विहिरीशेजारून, नळाखालून गटार जाते काय, हे आजच पाहावे.