फळा बदलला, पण गाळले कोण जाते?

पनवेल आता महानगरपालिका आहे. खारघर-कामोठ्याच्या खाजगी शाळा 'स्मार्ट क्लासरूम'ची जाहिरात करतात आणि याच तालुक्यातील कातकरी वाड्यांवरची मुले आईबापांसोबत वीटभट्टीवर गेली की त्यांची शाळा सुटते. अशा वेळी सांगितले जाते, "तंत्रज्ञान आले की जात आपोआप मागे पडेल. मोबाईल कुणाची जात विचारत नाही."

हे कितपत खरे आहे? इतिहास तपासू.

एकोणिसाव्या शतकात सरकारी शाळा हीच नवी गोष्ट होती. छापील पुस्तके, ठरलेला अभ्यासक्रम, सरकारी पगाराचा मास्तर. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. सरकारने न्याय त्याच्या बाजूने असल्याचे मान्य केले, पण त्याला घेतले तर इतर मुले शाळा सोडतील म्हणून दार बंदच ठेवले. वर्ग आधुनिक होता, दार मात्र मनूचे होते. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी हे प्रकरण मुद्दाम नोंदवले.

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी हाच धागा पकडला होता. कर शेतकरी भरतो आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गावर खर्च होतो, हा त्यांचा आक्षेप होता. म्हणजे शाळेचे कौतुक करण्याआधी त्यांनी पैशाचा हिशेब मागितला.

१२ मार्च १९२७ रोजी बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या तरतुदीवर बोलले. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी फक्त १८ चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूवरील करातून माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते, हेही दाखवले. पुढच्याच आठवड्यात आपल्याच कुलाबा जिल्ह्यात, महाडला, चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तळे आणि शाळा ही एकाच लढ्याची दोन ठिकाणे होती.

आता आजचे पाहू. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. पुढे ते राज्याच्या पुस्तकांत आले आणि २०२० साली गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. सरकारी शाळेचा मास्तर जगाला शिकवू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. पण कोड वाचायला घरात फोन आणि इंटरनेट लागते. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भारतातील केवळ १४.९ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती, संगणक ४.४ टक्के घरांत. त्यानंतर दोनच वर्षांत टाळेबंदी आली आणि शाळा फोनवर गेली. मोबाईलने जात विचारली नाही हे खरे. रिचार्जचे पैसे मात्र विचारले, आणि या देशात ते कुणाच्या खिशात नसतात हे वेगळे सांगायला नको.

युनेस्कोचा २०२३ चा जागतिक शिक्षण अहवाल सांगतो की शैक्षणिक तंत्रज्ञानाची उत्पादने सरासरी दर ३६ महिन्यांनी बदलतात. त्यांचा खरा उपयोग किती, याचा निःपक्ष पुरावा फार थोडा आहे. संशोधन पूर्ण होईपर्यंत यंत्र जुने होते आणि कंपनी नवे विकायला येते. मग संशोधन करायचे कशावर?

उत्तर १९२७ च्या भाषणात आहे. यंत्र बदलते, पण १०० पैकी किती मुले शेवटपर्यंत टिकली, गळालेली कोणत्या वस्तीतली, आणि पैसा कुणावर खर्च झाला, हे प्रश्न बदलत नाहीत. म्हणून मोजायचे ते हेच.

हे काम विद्यापीठानेच करावे असे नाही. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा द्याव्या लागतात. आपल्या वस्तीतले पालक त्या समितीत आहेत का? शाळेला मिळालेले टॅब कपाटात आहेत की मुलांच्या हातात? पहिलीतली किती मुले पाचवीत दिसतात? पनवेलच्या कार्यकर्त्यांनी दोन शाळांची हजेरीपत्रके मागून सुरुवात करावी. माहितीचा अधिकार हातात आहेच.

'शिका' हा आदेश आपण भिंतीवर लिहिला. आता वर्गात जाऊन, कोण शिकले आणि कोण गाळले गेले, ते मोजायला शिकू.

जय भीम!