मुक्त डेस्कटॉपचे स्वयंसेवी परीक्षक

संगणक सुरू केल्यावर पडद्यावर जे दिसते, म्हणजे खालची पट्टी, मेन्यू, खिडक्या, चित्रखुणा, कोपऱ्यातले घड्याळ, त्या सर्वांना मिळून 'डेस्कटॉप' असे म्हणतात. विंडोज किंवा मॅकमध्ये हा डेस्कटॉप यंत्रणेचाच अविभाज्य भाग असतो. लिनक्सचे तसे नाही. तेथे संगणकाचा गाभा सांभाळणारी यंत्रणा वेगळी आणि वापरणाऱ्याशी संवाद साधणारा डेस्कटॉप वेगळा असतो, आणि तो आपल्या आवडीनुसार निवडता येतो. केडीई आणि ग्नोम ही अशा डेस्कटॉपमधील दोन प्रमुख नावे. दोन्ही मुक्त स्रोत आहेत; म्हणजे त्यांचा सोर्स कोड कोणालाही पाहता, बदलता आणि इतरांना देता येतो.

अशा डेस्कटॉपची नवी आवृत्ती सर्वांच्या हाती पडण्यापूर्वी तिची परीक्षा कोण घेते? मोठ्या कंपन्यांमध्ये त्यासाठी पगारी परीक्षक असतात, तऱ्हेतऱ्हेचे संगणक मांडून ठेवलेल्या प्रयोगशाळा असतात. मुक्त स्रोत प्रकल्पांमध्ये हे काम मोठ्या प्रमाणात स्वयंसेवकच करतात. कोणी विद्यार्थी असतो, कोणी शिक्षक, कोणी दिवसभर दुसरीच नोकरी करून रात्री तासभर यासाठी बसणारा. ही व्यवस्था कशी चालते, तिचे बळ कशात आहे आणि ती कोठे तोकडी पडते, हे समजून घेण्यासाठी केडीईच्या चौथ्या पिढीची कहाणी विशेष बोलकी आहे.

अल्फा, बीटा आणि 'आरसी'

कोणतेही मोठे सॉफ्टवेअर एका दिवसात 'तयार' होत नाही. पहिला टप्पा अल्फा. या अवस्थेत सांगाडा उभा असतो, पण अनेक सोयी अर्धवट असतात आणि संगणक मध्येच थिजणे नित्याचे असते. त्यानंतर बीटा. ठरलेल्या बहुतेक सोयी आता आत आलेल्या असतात आणि दोष शोधण्यावर भर असतो. शेवटी 'रिलीज कॅन्डिडेट', संक्षेपात 'आरसी'. याचा अर्थ असा, की गंभीर दोष न आढळल्यास हीच आवृत्ती अंतिम म्हणून बाहेर पडावी.

या टप्प्यांच्या दरम्यान काही दारे एकामागून एक बंद केली जातात. एका तारखेनंतर नवी सोय घालता येत नाही. आणखी एका तारखेनंतर पडद्यावरील मजकूर बदलता येत नाही, कारण त्या मजकुराचे भाषांतर करणाऱ्या स्वयंसेवकांना उसंत मिळायला हवी. वरवर पाहता हे कारकुनी नियम वाटतात. परंतु परीक्षकाने आज नोंदवलेला दोष उद्याही त्याच जागी सापडावा, एवढी स्थिरता त्यांच्यामुळेच येते.

या साऱ्या नावांचा खरा उपयोग मात्र वेगळाच आहे. 'बीटा' ही एक सूचना असते: येथे वापरणारा हा ग्राहक नसून परीक्षक आहे, त्याने आपली महत्त्वाची कागदपत्रे या संगणकावर ठेवू नयेत. ही पाटी काढली, की नाते बदलते.

केडीई ४ : मोठी उडी

केडीईची सुरुवात १९९६ मध्ये झाली. जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठात शिकणाऱ्या माथियास एट्रिख याने त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये या प्रकल्पाची घोषणा केली आणि सहकाऱ्यांना आवाहन केले. पहिली आवृत्ती जुलै १९९८ मध्ये आली. २००५ च्या नोव्हेंबरात आलेली ३.५ ही आवृत्ती तर स्थैर्यासाठी नावाजली गेली.

पुढची पिढी मात्र केवळ डागडुजी नव्हती. केडीई ज्या 'क्यूट' नावाच्या पायाभूत साधनसंचावर उभे आहे, त्याची चौथी आवृत्ती २००५ मध्ये आली होती. तिच्यावर सारे घर नव्याने बांधायचे ठरले. पडद्याची मांडणी सांभाळण्यासाठी 'प्लाझ्मा', ध्वनी व चित्रफितींसाठी 'फोनॉन', यंत्रसामग्री ओळखण्यासाठी 'सॉलिड' असे नवे खांब उभारण्यात आले.

चाचणीचा क्रम ठरल्याप्रमाणे सुरू झाला. मे २००७ मध्ये पहिली अल्फा आली. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात चार बीटा आल्या. नोव्हेंबर व डिसेंबरमध्ये दोन आरसी निघाल्या. अंतिम आवृत्ती आधी ऑक्टोबरात यायची होती, ती डिसेंबरात ढकलली गेली आणि अखेरीस ११ जानेवारी २००८ रोजी प्रसिद्ध झाली. दरम्यान, परीक्षकांना सोयीचे जावे म्हणून ओपनसूसेवर आधारलेली एक 'लाइव्ह' सीडीही उपलब्ध होती. ती घालून संगणक सुरू केला, की आपल्या डिस्कला धक्का न लावता नवा डेस्कटॉप पाहता येत असे.

पाटी आणि वस्तू

४.० हाती पडताच अनेकांची निराशा झाली. खालच्या पट्टीची उंची बदलण्यासारख्या साध्या सोयी नव्हत्या. डेस्कटॉपवरील चित्रखुणांची वागणूक बदलली होती. जुन्या ३.५ मध्ये अंगवळणी पडलेल्या कित्येक गोष्टी सापडत नव्हत्या. प्लाझ्मा हा सर्वांत दर्शनी भागच सर्वांत उशिरा आकाराला आला होता.

प्रकल्पातील मंडळींचे म्हणणे असे, की ४.० म्हणजे संपूर्ण केडीई ४ नव्हे. ते या मालिकेतील पहिले पाऊल आहे, प्रामुख्याने प्रोग्रॅमर आणि हौशी वापरकर्त्यांसाठी. त्यामागचा युक्तिवाद टाकाऊ नव्हता. 'बीटा' अशी पाटी असेपर्यंत फार थोडे लोक सॉफ्टवेअर वापरून पाहतात. थोड्यांनी पाहिले, तर थोडेच दोष कळतात. शिवाय पायाभूत भाग प्रसिद्ध झाल्याशिवाय इतर प्रोग्रॅमर आपापली सॉफ्टवेअर त्याच्यावर आणायला धजावत नाहीत. कोठेतरी ही कोंडी फोडावीच लागते.

परंतु सामान्य वापरकर्ता प्रस्तावना वाचत नाही. तो आकडा वाचतो. '४.०' म्हणजे ३.५ पेक्षा सरस, असाच अर्थ त्याने घेतला. केडीई त्याच्यापर्यंत पोहोचवणाऱ्या लिनक्स वितरणांनीही निरनिराळे मार्ग पत्करले. मे २००८ मधील फेडोरा ९ ने थेट केडीई ४ दिले. जूनमधील ओपनसूसे ११.० ने जुने व नवे दोन्ही पर्याय ठेवले. कुबुंटू ८.०४ ने ३.५ कायम ठेवून नव्या केडीईची वेगळी सीडी काढली. म्हणजे एकाच वस्तूला कोणी 'तयार' म्हटले, कोणी 'पर्यायी', तर कोणी 'प्रायोगिक'.

याची किंमत पुढे वर्षभर मोजावी लागली. जुलै २००८ मधील ४.१ ने आणि जानेवारी २००९ मधील ४.२ ने बऱ्याच उणिवा भरून काढल्या. तरीही लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स यांनी त्याच सुमारास केडीई सोडून ग्नोम वापरू लागल्याचे जाहीरपणे सांगितले. जुन्या ३.५ वर प्रेम करणाऱ्यांपैकी काहींनी तीच शाखा 'ट्रिनिटी' या नावाने पुढे चालू ठेवली. तिची पहिली आवृत्ती २०१० मध्ये आली.

ज्यांनी ४.० ला परिपूर्ण समजून ते आपल्या कामाच्या संगणकावर घातले, ते नकळत परीक्षक बनले होते. स्वेच्छेने परीक्षक होणारा माणूस दोष सापडला की खूश होतो. फसून परीक्षक झालेला माणूस रागावतो. दोष तोच, पण पहिल्याकडून उपयोगी नोंद मिळते आणि दुसऱ्याकडून केवळ संताप.

चांगली नोंद कशी असते?

स्वयंसेवी चाचणीचे चलन म्हणजे दोषाची नोंद. केडीईत ही नोंद 'बगझिला' या सार्वजनिक नोंदवहीत होते. मोझिला प्रकल्पासाठी तयार झालेली ही व्यवस्था पुढे अनेक मुक्त स्रोत प्रकल्पांनी स्वीकारली.

'नवा डेस्कटॉप चालत नाही' ही तक्रार झाली, नोंद नव्हे. नोंदीत निदान पाच गोष्टी लागतात: कोणती आवृत्ती, कोणत्या वितरणावर व कोणत्या यंत्रसामग्रीवर, कोणत्या क्रमाने काय केले, काय घडेल अशी अपेक्षा होती, आणि प्रत्यक्षात काय घडले. क्रम इतका नेमका हवा, की हजारो मैलांवरच्या अनोळखी प्रोग्रॅमरला तो दोष आपल्या पडद्यावर पुन्हा घडवता आला पाहिजे. जो दोष पुन्हा घडवता येत नाही, तो दुरुस्त करणे अतिशय अवघड असते.

एखादे सॉफ्टवेअर अचानक बंद पडले, तर 'डॉक्टर कॉन्की' हे केडीईचे साधन पुढे येते. बंद पडण्याच्या क्षणी आत कोणते काम चालू होते, याची उलटी साखळी ते नोंदवून घेते. या साखळीला 'बॅकट्रेस' म्हणतात. रुग्णाच्या तक्रारीसोबत क्ष-किरण चित्र जोडावे, तसा तिचा उपयोग होतो.

एका नोंदीत एकच दोष असावा, हाही महत्त्वाचा संकेत. पाच दोष एकत्र लिहिले, तर त्यातले तीन दुरुस्त झाल्यावर ती नोंद मिटवायची की उघडी ठेवायची, हा प्रश्न उरतो.

नोंदीचे पुढे काय होते?

नवी आवृत्ती आली, की नोंदींचा पूर येतो. त्यांतील अनेक एकाच दोषाविषयी असतात, काही अपुऱ्या असतात, काही मुळात दोष नसून सूचना असतात. या पुरातून वाट काढणारे स्वयंसेवक वेगळेच. वैद्यकातील शब्द उसना घेऊन या कामाला 'ट्रायाज' म्हणतात. जत्रेतल्या दवाखान्यात कोणाला आधी आत घ्यायचे, हे ठरवण्यासारखेच ते आहे. केडीईत 'बगस्क्वाड' नावाचा गट हे काम करतो.

नवी नोंद प्रथम 'अपुष्ट' असते. दुसऱ्या कोणी तोच दोष अनुभवला, की ती पुष्ट होते. जुन्या नोंदीशी जुळली, तर तिच्याशी जोडली जाते. माहिती कमी असेल, तर नोंदवणाऱ्याकडे विचारणा होते आणि ठरावीक मुदतीत उत्तर न आल्यास ती बंद केली जाते. यात दोन्ही बाजूंचा कस लागतो. तासभर खपून लिहिलेल्या नोंदीला महिनोन्महिने उत्तर आले नाही, तर परीक्षक पुन्हा येत नाही. उलट, स्वतःचा रिकामा वेळ देणाऱ्या प्रोग्रॅमरला रोज कडवट शब्द ऐकावे लागले, तर तोही निघून जातो. दोघेही बिनपगारी आहेत, याचा विसर पडला की ही व्यवस्था ढासळते.

भाषेचे परीक्षक

या कामात प्रोग्रॅमिंग न येणाऱ्यांनाही मानाचे स्थान आहे, आणि मराठी वाचकाला तर खास. केडीईची भाषांतरे अनेक भाषांत होतात. मराठीचा त्यात समावेश आहे. पण भाषांतर झाले म्हणजे काम संपले नाही. 'दऱ्या' किंवा 'सुऱ्या' यातील डोळ्याच्या पापणीसारखा 'ऱ्' नीट उमटतो का? जोडाक्षराच्या मध्येच कर्सर अडकतो का? एक अक्षर पुसताना वेलांटीसह किती पुसले जाते? बटणावरचे लांब मराठी शब्द अर्धवट कापले जातात का? ट्युबिंगेन किंवा बर्लिनमधील कुशल प्रोग्रॅमरला हे दोष दिसणारच नाहीत, कारण त्याच्या दृष्टीने ती केवळ एक आकृती असते. ती चुकली आहे हे सांगू शकणारा माणूस मराठी वाचणाराच हवा.

धडा आणि बदल

४.० चा अनुभव वाया गेला नाही. २०१६ मध्ये 'केडीई निऑन' हे वितरण सुरू झाले. त्यात सर्वसामान्यांसाठी, चाचणीसाठी आणि रोज बदलणाऱ्या अस्थिर कोडसाठी अशा वेगवेगळ्या आवृत्त्या ठेवण्यात आल्या. आपण ग्राहक आहोत की परीक्षक, हे निवडण्याचा अधिकार त्यामुळे वापरणाऱ्याकडे आला. २०२२ मध्ये 'पंधरा मिनिटांचे दोष' नावाची मोहीम हाती घेण्यात आली. नवखा माणूस पहिल्या पाव तासात ज्यांना अडखळतो, ते दोष आधी संपवायचे, हे तिचे सूत्र होते.

प्लाझ्मा ६ च्या वेळी पुन्हा पाया बदलायचा होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये अल्फा, त्यानंतर दोन बीटा, दोन आरसी आणि २८ फेब्रुवारी २०२४ रोजी अंतिम आवृत्ती असा क्रम पाळला गेला. दोष याही वेळी निघाले, आठवडाभरातच ६.०.१ ही दुरुस्त आवृत्ती काढण्यात आली. परंतु २००८ सारखा गदारोळ झाला नाही. या वेळी ओळखीचा डेस्कटॉप मोडून नवा उभारण्याऐवजी तोच नव्या पायावर नेण्यात आला होता, हे त्याचे एक मोठे कारण.

भाग घ्यायचा असेल तर

इच्छुकांनी आपल्या रोजच्या संगणकावर प्रयोग करू नये. पेनड्राइव्हवरून चालणारी लाइव्ह आवृत्ती, संगणकातच उभारलेला आभासी संगणक किंवा अडगळीत पडलेला जुना संगणक यासाठी पुरेसा आहे. नोंद करण्यापूर्वी तोच दोष कोणी आधी नोंदवला आहे का, हे शोधावे. नोंदवल्यावर आलेल्या प्रश्नांना उत्तर द्यावे. दुरुस्ती झाल्याचे कळले, की पुन्हा तपासून तसे कळवावे. हा शेवटचा टप्पा बहुतेकांकडून राहून जातो.

या श्रमांचे मानधन नाही. परंतु एखाद्या दूरच्या शाळेत जुन्या संगणकावर मुक्त डेस्कटॉप विनातक्रार सुरू होतो, तेव्हा त्यामागे अशा अनेक नोंदी असतात. त्या लिहिणाऱ्यांची प्रकल्पाकडून एकच मागणी असू शकते: जे कच्चे आहे त्याला कच्चेच म्हणा. तेवढा प्रामाणिकपणा असेल, तर परीक्षक पुन्हा पुन्हा येत राहतात.